वाचकांचे प्रश्न : गव्हर्नर दोन की तीन?

प्रश्न : अमेरिकेतल्या इंडियाना टेरिटरीच्या (राज्य होण्याआधीच्या प्रदेशाच्या) गव्हर्नरांची नावं कुठे दोन, कुठे तीन दिसतात. तक्त्यात किती लिहू?
– एक शिक्षिका, देवगड

उत्तर : नेमलेले दोनच, विल्यम हेन्री हॅरिसन आणि थॉमस पोझी. तिसरं नाव टेरिटरीचे सचिव जॉन गिब्सन यांचं. त्यांना मुळीच गाळू नका. जुलै १८०० मध्ये टेरिटरी सुरू झाली तेव्हा हॅरिसन पोहोचलेच नव्हते. जानेवारी १८०१ पर्यंत कारभार गिब्सननीच पाहिला. १८१२ मध्ये हॅरिसन युद्धावर गेले, तेव्हा १८१३ मध्ये पोझी येईपर्यंत पुन्हा तेच. तहसीलदार रजेवर गेले की नायब तहसीलदार चार्ज घेतात, तसंच. घोळ होतो तो नेमणूक (मे १८००) आणि रुजू होणं एकच धरल्याने. दोन रकाने करा. जोनाथन जेनिंग्ज १८१६ नंतरच्या राज्याचे, ते इथे नकोत.