दाणे टाकले की कबुतरंच का येतात?

प्रश्न : आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहतो, मागे दहा बाय बाराचं अंगण आहे. लेकीला पक्ष्यांची भारी हौस, म्हणून दोन महिने रोज बाजरी नि तांदूळ ठेवतोय, पण कबुतरं आणि कावळे सोडून कोणी फिरकत नाही, वर सोसायटीत तक्रार झालीये. दयाळ, बुलबुल, सूर्यपक्षी येतील असं काही करता येईल का? – एक वाचक

उत्तर : येतील की, मुलुंडच्या पाठीला तर नॅशनल पार्कच आहे. पण दाणे आजपासून बंद करा. तुम्ही लिहिलेल्या तिघांतलं कोणीच बाजरी खात नाही हो, दयाळाला किडे लागतात, सूर्यपक्ष्याला मध नि कोळी, बुलबुलला फळं आणि किडे. दाण्याला सोकावतात ती कबुतरं, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा खरोखरचा आजार होतो, 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली ती त्याच कारणाने. त्यामुळे शेजाऱ्यांवर रागावू नका.

दाण्यांऐवजी पाणी ठेवा. मातीचं पसरट भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. कावळे त्यात पावाचे तुकडे भिजवायला आणतात, चिकट तवंग येतो, म्हणून रोज सकाळी काथ्याने घासून पाणी बदलायचं, डासांचाही प्रश्न मिटतो. भांडं दाट झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरून बसतं.

झाडांत साधी पाच पाकळ्यांची जास्वंद लावा, गेंदेदार नको. सूर्यपक्षी बहुतेकदा या फुलाच्या तोंडाशी जात नाही, देठाजवळ उलटासुलटा लटकतो आणि बुडाला बारीक भोक पाडून मध ओढतो, लेकीला ती भोकं शोधायला सांगा, पक्षी दिसायच्या आधी त्याची खूण दिसेल. बुलबुलसाठी तुती, ड्रममध्येसुद्धा येते, आणि कढीपत्ता. हो, आपला फोडणीचाच! त्याची काळी पिकलेली फळं बुलबुल, कोकीळ आवडीने खातात. कढीपत्त्यावर आणि लिंबावर हिरव्या अळ्या दिसल्या की आपला हात लगेच फवाऱ्याकडे जातो, तेवढं कृपा करून करू नका, पिल्लांना भरवायला पक्ष्यांना त्याच लागतात, अगदी सूर्यपक्षीसुद्धा पिल्लांना कोळी नि किडेच आणून देतो. आणि कोपऱ्यातला पालापाचोळा माळ्याला झाडू देऊ नका, दयाळ तिथेच शेपटी उभी करून टुणटुण उड्या मारत किडे टिपतो.

कोळ्याची जाळीही थोडी राहू द्या. सूर्यपक्षी घरटं विणतो ते त्याच धाग्यांनी, शिंपी पक्षीही पानं शिवायला तेच वापरतो. आमच्याकडे कुंडीतल्या झाडाच्या एका पानाची पुंगळी झालेली दिसली, कीड लागली समजून मी तोडणारच होते, जवळून बघितलं तर कडेला बारीक टाके आणि आत कापूस. हात तसाच मागे घेतला. तेव्हापासून आमच्याकडे छाटणीआधी प्रत्येक फांदी खालून बघायची पद्धत आहे.

प्रश्न : चिमण्यांसाठी लाकडी खोका लावला, वर्ष झालं, रिकामाच. – एक वाचक, दहिसर

उत्तर : भोक मोजा, सव्वा इंच हवं. मोठं असेल तर साळुंकी घुसते. आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला लावा, पुढे बसायची काठी असेल तर काढून टाका. आणि आधी बघा, जवळपास चिमण्या आहेत का, नसतील तर नुसत्या खोक्याने त्या लांबून येत नाहीत. असतील तर शेजारी अजून दोन खोके लावा, चिमणीला शेजार लागतो.