पुनर्विकासानंतर सोसायटीत नवी बाग झाली, पण उन्हाळ्यात पक्षी-फुलपाखरं फिरकत नाहीत. काय करावं?

तुम्ही बागेतल्या गोष्टी लिहिल्यात त्यातच उत्तर आहे: लॉन, फॉक्सटेल पाम, कातरलेला सोनेरी डुरांटा आणि दर पंधरा दिवसांनी फवारणी. अळ्यांना खायला काही नाही, आणि चुकून आल्याच तर औषधाने मरतात. शिंपी, दयाळ, बुलबुल, अगदी मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे आणि अळ्या भरवतो. आधी अळ्यांची सोय लावा, पक्षी मागून येतात.

त्यासाठी फुलांपेक्षा पानं बघून झाडं निवडा. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन व लाइम बटरफ्लाय ही फुलपाखरं अंडी घालतात, रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, त्या सरळसोट आसुपालवावर टेल्ड जे. रुई मुलांच्या खेळण्यापासून लांब लावा, चीक डोळ्यांत गेला तर त्रास होतो. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की कमिटीत तक्रार येणारच. माळ्याला आधीच सांगून ठेवा.

लावण्याआधी जमीन तपासा. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत, स्लॅबच्या वर बहुतेक वेळा दीड-दोन फूटच माती असते. तिथे कढीपत्ता, लिंबू, जास्वंद ठीक, बहावा किंवा उंबर नको. जमिनीवरच्या भागात बांधकामाचं राबीट पुरलेलं असतं. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन राबीट पूर्ण काढा, दोन भाग लाल माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत भरा. लागवड जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. मे महिन्यात लावलेलं रोप टँकरचं पाणी पिऊनही करपतं.

या उन्हाळ्यात लगेच करण्यासारखं म्हणजे पाणी. मातीचं पसरट भांडं, खोली जास्तीत जास्त 5 सेंमी, आत दोन-तीन खडे, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. सावलीत ठेवा, पण मांजर दबा धरेल अशा झुडपाला चिकटून नको. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. आठवडाभर तसंच राहिलं तर डास होतात. दाणे मात्र टाकू नका, फक्त कबुतरं वाढतील.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत. एप्रिल-मे हाच अनेक पक्ष्यांचा विणीचा काळ. धोकादायक फांद्या काढाव्याच लागतात, पण आधी प्रत्येक फांदीवर घरटं आहे का बघा आणि बाकीची छाटणी हिवाळ्यात उरका. परवानगी लागतेच, ती तेव्हाच मागा. वाळलेली फांदी रस्त्यावर किंवा गाड्यांवर येत नसेल तर राहू द्या: तांबट पक्षी अशाच लाकडात ढोली कोरतो. पालापाचोळा झाडांच्या बुंध्याशी पसरा, खोडाला टेकवू नका. रात्रभर जळणारे पांढरे दिवे पतंगांचा जीव घेतात. पिवळसर, खाली तोंड केलेले आणि अकरानंतर बंद होणारे बसवा.

उदाहरण बघायचं असेल तर माहीम-धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठा, जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं. सकाळी जा आणि माळ्यालाही न्या. तुमच्याकडे कढीपत्त्यावर अंडी पहिल्याच पावसाळ्यात दिसू शकतात. तांबटाच्या ढोलीसाठी मात्र जुनं झाड लागतं, म्हणून पुनर्विकासात वाचलेली जी दोन-चार झाडं असतील त्यांच्या मुळांभोवतीचे पेव्हर ब्लॉक आधी काढा.