चारिझार्ड राहू दे, आधी तुमचा विमा बघू

भांडुपहून एक वाचक लिहितात: वय 38, मुलगा पाचवीत, त्याला पोकेमॉन कार्डांचं प्रचंड वेड. होम लोनवर 3 लाखांचा टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) काढून सीलबंद बॉक्स घेऊन ठेवू का, 8 वर्षांत 30 लाख झाले की इंजिनीअरिंगचं टेन्शन नाही. सोबत मुलाच्या चारिझार्डचा, म्हणजे पोकेमॉनच्या सगळ्यात गाजलेल्या कार्डांपैकी एकाचा, फोटो. आणि जाता जाता, "विमा आहेच, मुलाच्या नावाने, वर्षाला 60 हजार भरतो."

कार्डांचं पटकन उरकतो. 3 चे 30 म्हणजे वर्षाला 33 टक्के, तेही सलग 8 वर्षं. 2022 मध्ये 4 लाख 20 हजार डॉलरला गेलेला चारिझार्ड 1999 च्या फर्स्ट एडिशनचा होता, कार्डाच्या स्थितीला 10 पैकी 10 ग्रेड. फोटोतल्या तुमच्या कार्डाच्या कडा रबर बँडने पांढऱ्या पडल्यात, आणि मुंबईच्या जुलैत फॉइलवालं कार्ड पापडासारखं वाकतं ते वेगळंच. मार्च 2024 पर्यंत 64 अब्जांवर कार्डं छापून झालीत, त्यात आजचा बॉक्स दुर्मीळ होईल ही निव्वळ आशा. टॉप-अपचे मात्र साडेनऊ टक्क्यांनी सव्वाचार लाख फेडावेच लागतील, कार्डं विकली जावोत न जावोत.

आता तो विमा. मुलाच्या नावाने म्हणजे नक्की कोणाच्या जिवावर? पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'लाइफ अश्युअर्ड', म्हणजे ज्याच्या जिवाचा विमा आहे तो, म्हणून मुलाचं नाव असेल (बहुतेक असणारच, अशाच खपवतात) तर तुम्ही कमावत्या माणसाचा सोडून पाचवीतल्या पोराचा विमा उतरवलाय. डोक्यावर 42 लाखांचं लोन, हप्ता 38 हजार, वहिनींचा पगार 22 हजार, उद्या तुम्हाला काही झालं तर घर कशावर चालणार? आणि परतावा तरी काय, 20 वर्षांत 12 लाख भरून 20 लाखांच्या आसपास, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. ज्याने ही गळ्यात मारली त्याने तुमचं लोन किती आहे हे विचारलं तरी होतं का हो?

आधी स्वतःच्या जिवावर 1 कोटीचा टर्म विमा घ्या (मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात, म्हणून स्वस्त), तुमच्या वयाला सिगरेट नसेल तर वर्षाला साधारण 20 हजारांत बसतो, सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तब्येतीची माहिती खरी भरा. टर्म हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका, मग पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते थांबवले तर मुदतीअखेर काय मिळेल) आणि सरेंडर व्हॅल्यू (आत्ताच मोडली तर काय मिळेल) लेखी मागवा, 6 हप्ते गेलेत त्यामुळे दोन्ही आकडे बघूनच ठरवू. विम्याच्या 60 हजारांतून टर्मचे 20 गेल्यावर उरलेले वर्षाचे 40 हजार आणि टॉप-अपचा जो साडेचार हजारांचा हप्ता भरायला तुम्ही तयारच होतात तो, मिळून महिना पावणेआठ हजार होतात, इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपी करा, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम गुंतवा. 10 टक्के धरले तर 8 वर्षांत 11 लाखांच्या पुढे. 30 नाही होणार, मान्य, पण हा आकडा मी तरी तोंडावर सांगू शकतो.

चारिझार्ड मुलाकडेच राहू दे, त्याला खेळू दे, फक्त तो रबर बँड काढा आणि स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिकचं पाकीट) आणून द्या.