सोळाव्या वर्षीचं लर्निंग लायसन्स : आधी एवढं बघ

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं, तेही पालकांच्या संमतीने. घरातली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही! सगळ्यात जास्त पोरं इथेच चुकतात. पकडलं तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तुरुंगही होऊ शकतो, शिवाय तुला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. त्यामुळे मोठ्या गाडीसाठी अठरापर्यंत थांब.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) भर. त्याआधी आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, ते बघ. ओटीपी त्यावरच येतो. लर्निंगच्या परीक्षेसाठी वाहतुकीची चिन्हं पाठ कर, साठ टक्के पुरतात.

लर्निंग लायसन्स मिळाल्यानंतर:
- गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लाव.
- मागे मित्र बसवू नकोस.
- पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर, सहा महिन्यांच्या आत.