बिल नंतर बघ, आधी गाडीखाली वाक

प्रिय,

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "मावशी, मेकॅनिकने सांगितलेला खर्च गाडी विकून येतील त्या पैशांच्या निम्म्याहून जास्त आहे. आता हिच्यात पैसे घालण्यात अर्थ नाही ना?" त्या 'ना'मध्ये तुझा निर्णय जवळजवळ झालेला होता, म्हणून मी लगेच काही बोलले नाही. पंचवीस वर्षं मी गाड्यांच्या देखभालीचा हिशेब ठेवला. कुठली ठेवायची, कुठली काढायची, हे ठरवण्यातच ती वर्षं गेली. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गाडी टोचन लावून आणली त्या दिवशी काहीच ठरवू नये. भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचा राग येतो, उशीर झालेला असतो, भीतीही वाटलेली असते. त्या दिवशी विकलेल्या गाड्या पुढच्या मालकाकडे वर्षानुवर्षं नीट चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

आता तुझी यादी. क्लचप्लेट, पुढचे शॉकअब्सॉर्बर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), गळका रेडिएटर आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. ११ वर्षं आणि १,४०,००० किलोमीटर झालेल्या गाडीची ही यादी वाचून मला धक्का बसला नाही. यातली एकही वस्तू गाडी संपल्याचं सांगत नाही, गाडी चालली एवढंच सांगते. घासणारी वस्तू घासते, रबर कडक होऊन चिरतं. उद्या नवी गाडी घेतलीस तरी काही वर्षांनी तीही हेच मागेल. यात टायमिंग बेल्टला मात्र वेगळं काढ. कंपनी त्याची मुदत किलोमीटरमध्येही देते आणि वर्षांमध्येही, जी आधी संपेल ती खरी. बऱ्याच इंजिनांत हा पट्टा चालत्या गाडीत तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळं इंजिन उघडावं लागतं. गाडी ठेवायची ठरली तर हे काम सगळ्यांत आधी. आणि तोवर लांबचा प्रवास करू नकोस, हे मी कळकळीने सांगते.

झीज आणि कूज यांत फरक आहे. झिजलेलं बदलता येतं. पत्रा कुजला तर गाडीचा सांगाडाच जातो, कारण आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसी, म्हणजे खालची भार उचलणारी चौकट, नसते, बॉडीच सगळा भार उचलते. दाराच्या कडेला किंवा बॉनेटवर आलेला गंज दिसायला वाईट, पण त्याने गाडी धोक्याची होत नाही. खरी जागा खाली असते. सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेलं असतं तिथे, दारांखालच्या पट्टीत आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथे बघायचं. गाडी लिफ्टवर घे आणि मेकॅनिकला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे ठोकायला सांग. घट्ट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. कुजलेला पत्रा भद्द वाजतो आणि कधी कधी पोपडेच खाली पडतात.

ही गोष्ट मी स्वतः किंमत मोजून शिकले. माझ्या एका गाडीचा गिअरबॉक्स उघडून पूर्ण नीट करून घेतला होता. तीनच महिन्यांनी मागच्या सस्पेन्शनच्या बैठकीजवळचा पत्रा कुजलेला निघाला. गिअरबॉक्सवर एवढा खर्च झालाय, आता कशी काढू, असं म्हणत मी तिथे पॅच वेल्ड करून घेतला. पुढच्या वर्षी पॅचच्या कडेचा पत्रा गेला. पुन्हा वेल्डिंग. शेवटी ती भंगारातच गेली, आणि मधले कित्येक महिने माझी मुलं त्या गाडीतून शाळेत जात होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. गिअरबॉक्सचे पैसे कधीच गेले होते. मी त्यांच्यामागे आणखी पैसे पाठवत राहिले. म्हणून तू गेल्या वर्षी बदललेल्या टायरांचा आणि बॅटरीचा विचार या निर्णयात आणू नकोस.

सांगाडा चांगला निघाला तर इंजिनाकडे वळ. सकाळी थंड इंजिन चालू करताना मागून कुणाला तरी धूर बघायला सांग. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यावा. रेडिएटर गळत असताना गाडी तापली होती का, हे नीट आठव. तापलेल्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढुरका थर दिसला तर लगेच घाबरू नकोस, थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की ओलाव्यानेही तो साचतो. पण डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलच दुधाळ झालं असेल तर पाणी आत शिरलंय. यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची मोजणी, करून घे. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एखादा कमी आला, तर पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही चढला तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. तुझ्या मोठ्या बिलाच्या मानाने या तपासणीचा खर्च किरकोळ आहे, आणि ती न करता एवढं बिल भरणं म्हणजे अंधारात उडी.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागतो म्हणालास. स्कॅनरवर आलेला कोड कुठे गडबड आहे ते सांगतो, कुठला भाग गेलाय ते सांगेलच असं नाही. पी०४२० हा कोड दिसला की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बदलायला सांगणारे भेटतात. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्यामुळे तो महाग असतो. पण बिघडलेल्या ऑक्सिजन सेन्सरने किंवा सायलेन्सरच्या पाइपमधल्या गळतीनेही तोच कोड येऊ शकतो. आधी ते तपासायला लाव.

आता पैशांचं. गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचं बिल यांची तुलना सगळेच करतात, पण तू गाडी विकायला काढलेली नाहीस, तुला रोज कामावर पोचायचं आहे. म्हणून हिशेब महिन्यांत मांड. समज, हे बिल नव्या गाडीच्या ५ हप्त्यांएवढं आहे आणि या कामानंतर गाडी २४ महिने चालेल असं तुझा मेकॅनिक प्रामाणिकपणे म्हणतो. त्या २४ महिन्यांत निघतील अशी बाकीची कामं त्याच्याकडून आत्ताच लिहून घे आणि ती ३ हप्त्यांएवढी निघाली तर तीही मिळव. ८ हप्त्यांत २४ महिने. समोर नव्या गाडीचे २४ हप्ते, वरून जास्तीचा विमा, आणि पहिल्या काही वर्षांत सगळ्यांत वेगाने घसरणारी तिची किंमत. तुझ्या जुन्या गाडीची ती घसरण केव्हाच होऊन गेली आहे.

आकडे ठेवण्याच्या बाजूने झुकले तरी एका गोष्टीवर मी तडजोड करणार नाही. ब्रेक, टायर, स्टिअरिंग दुरुस्त होतात, पण जी सुरक्षा गाडीत मुळातच नाही ती नंतर बसवता येत नाही. घसरणारी गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ साली पहिल्यांदा मोटारीत आलं आणि साध्या गाड्यांपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. तुझ्या गाडीत ते आहे का, एअरबॅग किती आहेत, हे पुस्तिकेत बघ. तू रोज रात्री उशिरा हायवेने परततोस आणि आता घरात बाळ येणार आहे. तुझ्या गाडीत हे दोन्ही नसेल, तर हिशेब काहीही म्हणो, मी तुला बदल म्हणेन. नवी कोरी नसली तरी चालेल. हे सगळं असलेली, चार-पाच वर्षांची, सर्व्हिसिंगच्या नोंदी असलेली गाडी घे, आणि तीही विकत घेण्याआधी अशीच लिफ्टवर चढव.

शनिवारी गाडी लिफ्टवर घेशील तेव्हा मी सांगितलेल्या तिन्ही जागांचे फोटो काढ, उजेड पाडून, जवळून. कॉम्प्रेशनचे चारही आकडे लिहून आण. मला पाठव, मग रविवारी बसून बोलू. तोवर मेकॅनिकला हो म्हणू नकोस आणि शोरूममध्येही जाऊ नकोस.

तुझी,
मावशी