कंपनीतले सगळे फोन आणि लॅपटॉप एकाच ठिकाणाहून सांभाळायचेत, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: मशीनचे पार्ट बनवणारी कंपनी, साठेक विंडोज लॅपटॉप, सेल्स आणि डिस्पॅच मिळून शंभरच्या आसपास अँड्रॉइड फोन, डायरेक्टरांकडे आयफोन आणि दोन-तीन मॅकबुक, आणि आयटीला तुम्ही एकटे. साहेबांना सगळं एका स्क्रीनवर दिसायला हवंय आणि तुमच्या टेबलावर तीन कोटेशन्स पडलीत.

चाकण-भोसरी पट्ट्यात अशाच कंपन्यांची ही कामं मी करतो, त्यामुळे सरळ सांगतो. कोटेशन्स सध्या बाजूला ठेवा. आधी कोणती वस्तू कोणाच्या नावावर चालते ते शोधून काढा. बिल कंपनीच्या नावाचं असतंच. आत खातं कोणाचं आहे, ते बघायचंय.

सेल्सच्या फोनपासूनच घ्या. कंपनीने डझनभर फोन आणले, पोरांच्या हातात दिले, प्रत्येकाने डबा उघडून स्वतःचं जीमेल टाकलं. वर्षभराने एक जण राजीनामा देऊन फोन जमा करतो. तुम्ही पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रीसेट मारता, फोन चालू होतो आणि जुन्या जीमेलचा पासवर्ड मागत बसतो. चोराच्या हाती फोन लागला तर तो वापरता येऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि ती चोख काम करतेय. फक्त तिच्या हिशेबी फोनचा मालक तो पोरगा आहे. त्याने फोन उचलणं बंद केलं असेल तर बसा हात चोळत.

लॅपटॉपची तीच गत, फक्त उशिरा कळते. विंडोज ११ चं नवं मशीन कोणी आपल्या घरगुती मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं, की बहुतेक वेळा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद, आणि ते उघडायची ४८ अंकी रिकव्हरी की त्या माणसाच्या खात्यात जाऊन बसते. दोन वर्षं कोणाला पत्ता नसतो. मग कधीतरी मदरबोर्ड बदलला जातो, निळा पडदा येतो आणि ४८ अंक मागतो. अंक ज्याच्या खात्यात आहेत तो आता रांजणगावात दुसऱ्या कंपनीत असतो.

म्हणून पहिलं काम साधं एक्सेल शीट. सीरियल नंबर किंवा आयएमईआय, वस्तू कोणाकडे आहे, बिलाची तारीख, आतलं खातं, अँड्रॉइडचं व्हर्जन, विंडोजची एडिशन. एडिशनचा रकाना विसरू नका. दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज होम सिंगल लँग्वेज असतं, आणि होम एडिशन कंपनीच्या एन्ट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टची ऑफिसच्या खात्यांची व्यवस्था) जॉइन करता येत नाही. प्रोचं अपग्रेड घ्यावं लागतं. कोटेशनमध्ये हा खर्च सहसा दिसत नाही, नंतर साहेबांसमोर तुम्हालाच मांडावा लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे ज्या मशीनवर ११ चालतच नाही त्यांची यादी वेगळी काढा. त्यांच्यावर लायसन्सचे पैसे घालू नका.

आता फोन. अँड्रॉइडमध्ये कंपनीचा फोन पूर्ण ताब्यात घेता येतो, त्याला फुली मॅनेज्ड म्हणतात. यासाठी फोन रीसेट करून स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं, क्यूआर स्कॅनर उघडतो, तुमच्या सॉफ्टवेअरने दिलेला कोड दाखवायचा. पुढचं तो स्वतः करतो. कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन असेल तर रीसेट लागत नाही, त्यात वर्क प्रोफाइल टाकतात: ऑफिसची ॲप्स वेगळ्या कप्प्यात, प्रत्येकीवर छोट्या ब्रीफकेसची खूण. कंपनीचं राज्य त्या कप्प्यापुरतंच. तिसरा प्रकार डिस्पॅचच्या स्कॅनर-फोनसाठी, किऑस्क मोड. चालू केला की फक्त तुमचं बारकोडचं ॲप दिसतं, रील्स बंद. यातलं कुठलं कोणाला हे तुम्ही आणि एचआरने बसून ठरवा, व्हेंडरवर सोडू नका. नवे फोन घेताना डीलर झीरो-टचमध्ये, म्हणजे गूगलच्या कंपनी-फोनच्या यादीत, नोंद करून देतो का ते विचारा. सॅमसंग असतील तर त्याच कामासाठी नॉक्स मोबाइल एनरोलमेंट आहे. अशी नोंद असलेला फोन रीसेट केला तरी पुन्हा कंपनीकडेच वळतो. वरची जीमेलची कटकट तिथे संपते.

आयफोनसाठी ॲपल बिझनेस मॅनेजरमध्ये, म्हणजे ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या पोर्टलवर, कंपनीचं खातं काढा. फुकट आहे, पण पडताळणीला वेळ जातो, म्हणून आजच अर्ज टाका. दुकानातून आधीच घेतलेले आयफोन ॲपल कॉन्फिग्युरेटर या ॲपने त्यात आणता येतात, मात्र ३० दिवसांपर्यंत वापरणारा त्यातून बाहेर पडू शकतो. आणखी एक खाचखळगा: ॲपलचं पुश सर्टिफिकेट, ज्याच्या जोरावर तुमचं सॉफ्टवेअर आयफोनला हुकूम पाठवतं, वर्षाला रिन्यू करावं लागतं, आणि तेसुद्धा ज्या ॲपल खात्याने काढलं त्याच खात्याने. ते खातं एखाद्या इंजिनिअरच्या खाजगी ईमेलवर काढलेलं असेल आणि तो सोडून गेला असेल, तर नवं सर्टिफिकेट काढून एकूण एक आयफोन पुन्हा एनरोल करावे लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नव्याने जोडावे लागतात. डायरेक्टरांचे फोन. परत मागायचे. कल्पना करा. त्यापेक्षा आयटीच्या नावाचा एक सामायिक मेलबॉक्स काढा आणि सगळी मूळ खाती त्यावर ठेवा.

सॉफ्टवेअरबद्दल मला फार लिहायचं नाही, कारण तुमचा मेल कुठे आहे त्यावर निम्मं उत्तर ठरतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असाल तर बिझनेस प्रीमियममध्ये इंट्यून (मायक्रोसॉफ्टचं याच कामाचं सॉफ्टवेअर) आलंच, ३०० युजरपर्यंत तो प्लॅन चालतो, आणि एनरोल नसलेल्या मशीनवर मेल उघडू न देण्याची सोयही त्यातच आहे. (ती लावण्याआधी एक आणीबाणीचं ॲडमिन खातं नियमातून वगळून ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.) गूगल वर्कस्पेसवर असाल आणि फोनच जास्त असतील, तर पुण्याचंच स्केलफ्यूजन, चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन, बंगळुरूचं शुअरएमडीएम, सगळी कामाची आहेत. ट्रायल मागा. डेमो व्हेंडरच्या फोनवर बघू नका, तुमच्या सेल्सकडे जो स्वस्तातला फोन आहे त्यावर बघा. काही ब्रँड बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारी ॲप्स मारून टाकतात, मग तुमच्या डॅशबोर्डवर तो फोन चार दिवस गायब.

पॉलिसी लावताना अकाउंट्सकडे दोनदा बघा. पेन ड्राइव्ह बंद करा असं साहेब म्हणणारच, आणि यूएसबी सरसकट बंद केलं की पहिला फोन अकाउंट्समधून येणार, कारण डिजिटल सिग्नेचरचा पेन ड्राइव्हसारखा टोकनही त्याच पोर्टला लागतो. तेव्हा फक्त स्टोरेज बंद करा आणि टोकन लावून, प्रत्यक्ष एक सही करून तपासा. तसंच अपडेटचं. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे पोचेपर्यंत बुधवार उजाडतो, म्हणजे ऐन ११ तारखेच्या जीएसटीआर-१ रिटर्नच्या आगेमागे. २० ला दुसरं रिटर्न, ३बी. अकाउंट्सच्या मशीनचा वेगळा गट करा आणि त्यांना सक्तीचा रीस्टार्ट २० नंतर द्या. आधी तुमचं मशीन, मग दोन-चार धीराच्या लोकांची, मग बाकीची. शिवाय सगळ्यांचे लोकल ॲडमिन अधिकार, म्हणजे आपापल्या मशीनवर हवं ते इन्स्टॉल करायची मुभा, काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत शिव्या खायला लावणारं काम आहे. ते शेवटी ठेवा, पण टाळू नका.

लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "म्हणजे आता कंपनी आमचं व्हॉट्सॲप वाचणार का?" वर्क प्रोफाइल असेल तर त्यांचे फोटो, चॅट, खाजगी ॲप्स कंपनीला दिसत नाहीत, तिथे सरळ नाही म्हणून सांगा. फुली मॅनेज्ड फोनवर ॲप्सची यादी दिसते आणि लोकेशन चालू केलं तर तेही दिसतं, तिथे तसंच सांगा. एक पानी मराठी-हिंदी सूचना काढा: काय दिसतं, काय दिसत नाही, फोन हरवला तर कोणाला कळवायचं, कामावरून गेल्यावर काय पुसलं जाईल. सही घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियमही आलेत, तेव्हा तोंडी कारभार नको. हरवलेल्या फोनची बातमी तुमच्यापर्यंत लगेच येणं महत्त्वाचं आहे, कारण डेटा फुटल्यासारखी घटना असेल तर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) सहा तासांत कळवायचं बंधन २०२२ पासून आहे.

साहेब स्वतःच्या फोनला सूट मागतील. देऊ नका, निदान मेलपुरती तरी. हवं तर त्यांच्या फोनला हलकी पॉलिसी लावा, पण तो यादीत असू द्या.

आणि हो, फोन पुसण्याची दोन बटणं असतात. इंट्यूनमध्ये रिटायर म्हणजे फक्त कंपनीचा डेटा जातो, वाइप म्हणजे अख्खा फोन कोरा. दोन्ही एका रिकाम्या फोनवर दाबून बघा आणि वाइपचा अधिकार तुमच्याशिवाय आणखी एकाच माणसाला द्या. तुमच्या फोनची मॉडेल्स आणि मेल कुठे आहे ते खाली कळवलंत, तर कोटेशन्सवरही बोलू.