नवी पिकअप जुनीपेक्षा मोठी दिसते, मग ग्राउंड क्लिअरन्सही (जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांतली जागा) जास्त असतो का? (नागपूर–काटोल भागात संत्र्याची वाहतूक आहे)

नाही, तसं धरून चालू नका. टोयोटाच्या हायलक्स डबल कॅब (चार दारांच्या) पिकअपच्या २००४ आणि २०१५ या दोन्ही पिढ्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३०८५ मिमीच आहे. मोठेपणा बराचसा बॉडीत असतो. मागे सरळ अ‍ॅक्सल असलेल्या पिकअपमध्ये बहुधा सगळ्यात खाली डिफरन्शियलचा (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा येतो आणि त्याची उंची टायर ठरवतो. २१५/७५ आर१५ मापाच्या टायरऐवजी २३५/७५ आर१५ आला की व्यास ३० मिमीने वाढतो, गोळा मात्र १५ मिमीच वर जातो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीमधला उंचवटा घासतो तो याच गोळ्याला. माल भरल्यावर मात्र पाटे दबतात, चेसिस आणि सायलेन्सर खाली येतात. म्हणून कंपनीचा क्लिअरन्सचा आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, ते आधी विचारा.